तीनशे जणांचा ‘मी’ : ‘आय अ‍ॅम हार्वी मिल्क’च्या शुभारंभाच्या प्रयोगाचा अभ्यास

एखाद्या माणसाच्या स्मरणार्थ समूहगानाची नवी रचना करून घ्यायची ठरली, की पहिली बैठक पैशांवर होते आणि दुसरी तारखेवर. या रचनेत बोलणार कोण, हा प्रश्न निघेपर्यंत तिसरी-चौथी बैठक उजाडते, आणि तोवर संगीतकाराने निम्मे काम केलेले असते. सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरसने जून २०१३ मध्ये जो ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनय-नेपथ्याशिवाय कोरस, एकल गायक आणि वाद्यवृंदाने सादर करायची मोठी रचना, पहिल्यांदा मंचावर आणला, त्यात या प्रश्नाचे उत्तर शीर्षकातच होते : ‘आय अ‍ॅम हार्वी मिल्क’. साठ मिनिटे, बारा भाग, सुमारे तीनशे पुरुष गायक, तीन एकल आवाज आणि वाद्यवृंद. शब्द आणि संगीत अँड्र्यू लिप्पा यांचे, संचालन टिमोथी सीलिग यांचे. प्रयोग तीन, २६ ते २८ जून, नोर्स थिएटरमध्ये.

हार्वी मिल्क यांची ओळख थोडक्यात. जन्म १९३० चा, न्यूयॉर्कजवळचा. काही काळ नौदलात, मग न्यूयॉर्कमध्ये नोकऱ्या, ऑपेराचे वेड. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि पुढच्या वर्षी कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्यांचे दुकान थाटले. नोव्हेंबर १९७७ मध्ये शहराच्या नियामक मंडळावर निवडून आले. आपण समलिंगी आहोत हे न लपवता निवडणूक जिंकणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या लोकप्रतिनिधींपैकी ते एक. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढून टाकता यावे यासाठी कॅलिफोर्नियात ‘प्रस्ताव सहा’ मांडला गेला होता. त्याविरुद्ध त्यांनी राज्यभर प्रचार केला आणि ७ नोव्हेंबर १९७८ ला मतदारांनी तो फेटाळला. त्यानंतर वीसच दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, डॅन व्हाइट या माजी सहकाऱ्याने सिटी हॉलमध्ये शिरून आधी महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांना आणि मग मिल्क यांना गोळ्या घातल्या.

तो सोमवार होता. जॉन सिम्स यांनी जमवलेल्या नव्या पुरुष कोरसची पहिली तालीम बरोबर चार आठवडे आधी, ३० ऑक्टोबरच्या सोमवारी झाली होती. हत्येच्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोपासून सिटी हॉलपर्यंत चालत गेले आणि तिथल्या पायऱ्यांवर या कोरसने जर्मन संगीतकार मेंडेल्सनची एक प्रार्थना गायली. तेच त्यांचे पहिले जाहीर गाणे. स्मरणरचना मागणारी संस्था त्या मृत्यूची अशी थेट साक्षीदार असणे फार दुर्मीळ. पुढे एड्सच्या साथीने याच कोरसमधले शेकडो गायक नेले. आवाजांचे विभाग चार आणि गेलेल्यांचा तो पाचवा विभाग, असे त्यांच्यात म्हणतात.

मागणी आणि तिची वाढ

२०१३ हे कोरसचे पस्तिसावे वर्ष आणि हत्येचेही. सीलिग यांनी लिप्पा यांना सुरुवातीला एका छोट्या तुकड्याबद्दल विचारले होते : अनेक संगीतकारांनी मिळून करायच्या कामातला एक भाग. लिप्पा म्हणाले, सगळेच मी लिहितो. एका हाताने लिहिल्यामुळे कामाला एक सूर मिळतो, यात शंका नाही. तरी व्यवस्थापनाच्या नजरेतून ही उडी मोठी आहे. पाच मिनिटांचा तुकडा फसला तर कार्यक्रम वाचतो, साठ मिनिटांचे एकसंध काम फसले तर हंगाम जातो. शिवाय त्याच वसंत ऋतूत लिप्पांच्या ‘बिग फिश’ या संगीतिकेचे ब्रॉडवेआधीचे प्रयोग शिकागोत चालू होते. म्हणजे संगीतकाराचा वेळही मोजूनच मिळणार होता.

एवढा खर्च एका संस्थेने पेलायचा नसेल तर रूढ वाट असते सह-मागणीची, आणि या कामातही इतर शहरांतले कोरस सोबत होते. चार-पाच कोरस मानधन वाटून घेतात. पहिल्या प्रयोगाचा मान एकाला, बाकीच्यांना आपापल्या शहरातल्या पहिल्या प्रयोगाचा. करारात दोन तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात : गायकांची प्रत कधी मिळणार आणि वाद्यांच्या प्रती कधी. पाठ करून गाणाऱ्या हौशी कोरसला आपली प्रत निदान पाच महिने आधी हवी. वाद्यांच्या प्रती सहा आठवडे आधी आल्या तरी निभावते. एकच तारीख लिहिली, की संगीतकार वाद्यवृंदाचे काम संपेपर्यंत दोन्ही अडवून धरतो आणि कोरसचे दोन महिने फुकट जातात.

शब्दांच्या हक्काचे कलमही तेव्हाच निकालात काढावे. लिप्पांचा मजकूर बहुतांशी स्वतःचा आहे, पण मधूनमधून मिल्क यांची भाषणे डोकावतात. १९७८ मध्ये गेलेल्या माणसाच्या अप्रकाशित लिखाणावर अमेरिकेत मृत्यूनंतर ७० वर्षे, म्हणजे २०४८ च्या अखेरपर्यंत हक्क राहतो. ‘स्मरणार्थ आहे, कोण अडवणार?’ या भरवशावर शब्द वापरले, की परवानगीचा प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या वेळी हमखास डोके वर काढतो.

पोवाडा की ‘मी’

आपल्याकडे थोरांच्या स्मरणाचा साचा पोवाड्याचा. शाहीर कथा सांगतो, झीलकरी ‘जी जी रं जी’ करत त्याला उचलून धरतात. नायक ‘तो’, गाणारे ‘आम्ही’. पाश्चात्त्य स्मरणरचनाही बहुतेक याच अंगाने जातात : निवेदक, मग स्तुतीचा कोरस, मग मृत्यू, मग प्रकाश. लिप्पांनी हे टाळले. सलग चरित्र नाही. प्रत्येक भाग वेगळ्या तोंडून बोलतो. ‘आय अ‍ॅम द बुलेट’मध्ये तर गोळीच बोलते. एक मुलगा लहानपणीचा हार्वी गातो, एक गायक मोठा हार्वी, आणि सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, या सगळ्या पुरुषी आवाजांवर एकच बाईचा आवाज धरून उभी असते. शेवट ‘टायर्ड ऑफ द सायलेन्स’ने होतो. २५ जून १९७८ च्या मोर्च्यात मिल्क यांनी केलेल्या भाषणाचा तो धागा : गप्प बसण्याचा कंटाळा आलाय, घरच्यांना सांगा, मित्रांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, बाहेर या. मृत्यू शेवटी ठेवला नाही, हा या संहितेतला सर्वांत शहाणा निर्णय. शेवटी मृत्यू ठेवला तर लोक डोळे पुसत घरी जातात. इथे त्यांच्या हातात काम दिलेले आहे.

कोरस इथे झीलकरी नाही, तोच नायक आहे. ते कागदावर सोपे, गळ्यात अवघड. तीनशे जणांनी ‘मी’ म्हणायचे तर तीनशेंचा उच्चार एक हवा, नाहीतर ऐकू येतो तो ‘आम्ही’सुद्धा नव्हे, नुसता गोंगाट.

‘मिल्क’ हा शब्द

याचा कस शीर्षकावरच लागतो. ‘हार्वी’ गायला सोपे : उघडा ‘आ’, मग ‘ई’. ‘मिल्क’ मात्र गाणाऱ्याच्या जिवावर येतो. स्वर ऱ्हस्व आणि बंद, त्यावर ‘ल’ जीभ वर चिकटवून आवाजाची वाट अडवतो आणि शेवटी ‘क’ फटकन फुटतो. हा शब्द चार मात्रा ताणायचा असेल आणि गायकाने ‘ल’ लवकर लावला, तर साडेतीन मात्रा नाकातले गुणगुणणे ऐकू येते. म्हणून ‘मि’ किंचित ‘मे’कडे उघडायचा, चारही मात्रा त्यावरच काढायच्या आणि ‘ल्क’ शेवटच्या क्षणी एकदम.

‘क’चे दुखणे वेगळे. तीनशे जणांनी तो पाचव्या मात्रेच्या आसपास टाकला तर पाव सेकंदभर पॉपकॉर्न फुटल्यासारखा आवाज येतो. ‘क’ला मात्रा नेमून द्यावी लागते : ‘पाचव्या मात्रेवर क’ असे प्रतीवर पेन्सिलीने लिहून घ्यायचे आणि संचालकाने त्यासाठी वेगळी खूण द्यायची. तरीही पसरत असेल तर जुना तोडगा आहे : प्रत्येक विभागातल्या एक तृतीयांश गायकांनीच ‘क’ म्हणायचा, बाकीच्यांनी ‘ल’वर थांबायचे. सभागृहात तीनशेंचा ‘क’ ऐकू येतो, कोणाला शंका येत नाही.

पुरुषी आवाजांची दाटी

पुरुष कोरसचे चार विभाग, वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीकडे : पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन, बेस. मिश्र कोरसमध्ये बायकांचे आवाज धरून सव्वातीन-साडेतीन सप्तकांची जागा मिळते, इथे अडीचच्या आसपास. वरच्या टेनरची व्यवहारातली हद्द मधल्या सप्तकातली पांढरी सहा. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगितले की नेमके कळते. त्याच्यावर हौशी गायकांपैकी थोडेच टिकतात, आणि तेही ओरडून. म्हणून चार सूर एकमेकांना चिकटून बसतात. खाली बेसच्या भागात जवळजवळचे सूर लिहिले तर आवाज भरीव वाटतो खरा, पण शब्द गढूळ होतात. हा ऑरेटोरिओ शब्दांवर उभा आहे. कथा कळली नाही तर भावना कोणाबद्दल, हेच कळत नाही.

उपाय दोन. कथा पुढे नेणारी वाक्ये सगळ्यांनी एकाच सुरात किंवा दोनच सुरांत म्हणायची, आणि भरघोस चार सुरांचे जोड जिथे शब्द पुनरावृत्त होतात तिथेच ठेवायचे. दुसरा उपाय सोप्रानो आणि मुलगा. पुरुषांच्या दाटीवरची जागा मोकळीच असते, तिथे हे दोन आवाज कमी ताकदीतही स्वच्छ ऐकू येतात. ही योजना नाट्यासाठी जितकी, तितकीच ऐकू येण्यासाठी.

शिव्यांचा भाग

‘स्टिक्स अँड स्टोन्स’ या भागात समलिंगी माणसांना आयुष्यभर ऐकवले जाणारे शब्द कोरसच उच्चारतो. नाटकात शिवी खलनायकाच्या तोंडी असते. इथे ती ज्याच्या अंगावर पडली, त्याच्याच तोंडून येते. असा भाग बसवताना बहुतेक संचालक चूक करतात ती पहिल्याच दिवशी : शब्दांसकट सुरुवात. गायक एकतर हसतात किंवा पुटपुटतात. आधी नुसत्या लयीवर, ‘त त’ करून भाग पक्का करावा, मग शब्द आणावेत, आणि तो भाग तालमीच्या अखेरीला कधीही ठेवू नये. त्यानंतर दुसरे काहीतरी गाऊन मगच लोकांना घरी सोडावे. ज्याला तो शब्द म्हणायचा नसेल त्याने त्या मात्रेला गप्प राहण्याची मुभा आधीच जाहीर केलेली बरी. तीनशेतले दहा गप्प राहिले तर कोणाला कळत नाही. बालगायकाच्या पालकांशी मात्र या भागाबद्दल करारापूर्वीच बोलायला हवे.

तालमींचा हिशेब

हा कोरस आजही सोमवारीच तालीम घेतो. असे काम कोणी उभे करणार असेल तर गणित मांडून पाहावे. अडीच तासांच्या तालमीतून सूचना, मधली सुट्टी, उशिरा येणारे वजा जाता हाती लागतात दोन तास. सोळा आठवडे म्हणजे बत्तीस तास. बारा भागांना वाटले तर प्रत्येकी तीन तासही नाहीत, आणि एवढ्यात शिकणे, पाठ करणे आणि घासणे तिन्ही. त्यामुळे शनिवार-रविवारची दोन शिबिरे लागतातच, आणि पाठांतर घरी. त्यासाठी प्रत्येक विभागाच्या ध्वनिफिती : एका कानात आपला विभाग, दुसऱ्या कानात बाकी सगळे. पहिल्या महिन्यात नवी रचना बदलत राहते, म्हणून प्रत्येक पानावर तारीख आणि मात्राखंडांचे क्रमांक हवेतच. बदललेली पाने रंगीत कागदावर. प्रयोगाच्या तीन आठवडे आधी गायकांच्या प्रतीतले बदल थांबवायचे. त्यानंतर संगीतकाराला खाज सुटलीच तर ती वाद्यांच्या प्रतीत भागवावी.

पियानोवर शिकलेला कोरस वाद्यवृंदासमोर उभा राहिला की ठेचकाळतो. कारण साधे आहे. पियानोवर ज्या सुरावरून गायक आपला पहिला सूर उचलत होता, तो वाद्यवृंदात बसून (बसून) या फुंकवाद्याला दिलेला असतो, किंवा नसतोच. वाद्यवृंदाची पहिली तालीम होण्याआधीच प्रत्येक प्रवेशाजवळ ‘इथे सूर कोणाकडून’ हे लिहून घेतले तर अर्धा दिवस वाचतो. वाद्यवृंदाचे तास तासाच्या दराने मोजले जातात, तेव्हा ही पेन्सिल फार स्वस्त पडते.

या प्रयोगात आणखी एक पेच होता. मोठ्या हार्वीची भूमिका स्वतः लिप्पांनीच गायली. सोप्रानो लॉरा बेनान्टी होत्या. संगीतकार मंचावर असणे प्रसिद्धीला उत्तम, पण नव्या कामाच्या शेवटच्या तालमींत संगीतकाराची खरी जागा प्रेक्षागृहाच्या मध्यावर, मांडीवर स्वरलिपी घेऊन. तो गात असेल तर ते काम दुसऱ्या विश्वासू कानाला सोपवावे लागते, आणि त्या कानाला ‘इथे तुझा आवाज कोरसखाली बुडतोय’ असे संगीतकाराच्या तोंडावर सांगण्याचा अधिकार आधी द्यावा लागतो.

मंच

नोर्स थिएटर ही १९२० च्या दशकातल्या जुन्या शाळेच्या सभागृहाची वास्तू, सिटी हॉलपासून चालत काही मिनिटांवर. बरीच वर्षे शाळाखात्याचे गोदाम म्हणून पडून होती आणि २०१३ मध्येच पुन्हा उघडली. अर्थाच्या दृष्टीने याहून चांगली जागा नाही. पण नुकत्याच उघडलेल्या सभागृहात तांत्रिक तालमीसाठी एक दिवस जास्त धरावा. कुठे घुमते, कुठे आवाज मरतो, हे अजून कोणालाच ठाऊक नसते.

तीनशे माणसे उभी करायची तर एका माणसाला रुंदीत ५५ सेंटीमीटर. पाच ओळींत साठ-साठ म्हणजे ३३ मीटर, इतका मंच मिळत नाही. दहा ओळींत तीस-तीस म्हणजे साडेसोळा मीटर, आणि प्रत्येक पायरी २० सेंटीमीटर उंच धरली तर मागची ओळ जवळजवळ दोन मीटर वर. तिथे दिव्यांची धग सर्वांत जास्त. गुडघे ताठ करून तासभर उभा राहिलेला माणूस चक्कर येऊन पडतो आणि पुढच्या दोघांना घेऊन पडतो. गुडघे सैल ठेवायला पहिल्या तालमीपासून शिकवावे, एकल गाण्यांच्या वेळी बसायची जागा संहितेतच शोधून ठेवावी, ओळीच्या टोकांना धडधाकट माणसे उभी करावीत.

साडेसोळा मीटरचा दुसरा त्रास आवाजाच्या वेगाचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे डाव्या टोकाचा आवाज उजव्या टोकाला जवळजवळ ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. संथ भागात चालून जाते. ‘फ्रायडे नाइट इन द कॅस्ट्रो’ हा डिस्कोच्या ढंगाचा भाग आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीत मात्रेचा चौथा हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा. त्यातले ५० गेले तर ठेका लंगडतो. शेजाऱ्याला ऐकून गाणारा कोरस अशा वेळी हळूहळू मागे सरकतो. इथे कानांवर नाही, संचालकाच्या हातावर गायचे, आणि ड्रमचा आवाज दोन्ही कडांना छोट्या स्पीकरमधून परत द्यायचा.

तीन दिवस

तारखा प्राइडच्या, म्हणजे समलिंगींच्या वार्षिक उत्सवाच्या, आठवड्यानुसार ठरल्या होत्या. २६ जूनच्या सकाळी, पॅसिफिक वेळेनुसार सातच्या सुमारास, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. समलिंगी विवाहांना केंद्रीय मान्यता नाकारणारे कलम रद्द झाले, आणि कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहांवर बंदी आणणाऱ्या ‘प्रस्ताव आठ’च्या समर्थकांना अपील करण्याचा अधिकारच नाही, असे न्यायालयाने ठरवले. रात्री शुभारंभाचा प्रयोग. शुक्रवारी, २८ तारखेला, दुपारी ही बंदी रद्द करणाऱ्या आदेशावरची स्थगिती उठली आणि सिटी हॉलमध्ये लग्ने सुरू झाली. हाकेच्या अंतरावर त्याच रात्री तिसरा प्रयोग.

असा योग ठरवून आणता येत नाही, पण त्याची तयारी करता येते. सकाळी जल्लोषात ओरडलेला कोरस रात्री बसक्या आवाजाने गातो, म्हणून अशा दिवशी दुपारचा सराव अर्धा करून फक्त सुरुवातीच्या जागा घ्याव्यात. दुसरे, प्रेक्षक मधेच टाळ्या वाजवणार हे गृहीत धरावे. दोन भाग जोडून लिहिलेले असतील तर टाळ्या पुढच्या भागाचा पहिला सूर गिळून टाकतात. अशा जागी वाद्यवृंदाने एक स्वर धरून ठेवायचा आणि टाळ्या ओसरल्या की संचालकाने हात उचलायचा, असे आधीच ठरवून ठेवावे.

पुढे, आणि इकडे

ऑक्टोबर २०१४ मध्ये हे काम न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये सोप्रानो क्रिस्टिन चेनोवेथ यांच्यासह झाले. दुसऱ्या प्रयोगापर्यंत पोहोचणे, हीच नव्या समूहरचनेची खरी परीक्षा. ‘लॅव्हेंडर पेन’ हा भाग ज्या जांभळट पेनावरून आला, त्याच पेनाचे नाव कोरसने २०१७ मधल्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांच्या दौऱ्याला दिले. समलिंगींना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या शहराच्या अध्यादेशावर सही करायला मिल्क यांनी ते पेन मॉस्कोनींना दिले होते.

आपल्याकडे चार आवाजांत गाणारे लोक आहेत. गोव्याच्या चर्चमधल्या कॉयरना हे नवे नाही, मुंबईत परांज्योती कोरस १९५६ पासून गातो आहे. साठ जणांनी हे काम करायचे ठरवले तर उभे राहायच्या पायऱ्यांचे आणि आवाजाच्या वेगाचे निम्मे त्रास आपोआप गळतात. ‘क’ मात्र तसाच राहतो.

मराठीत अशी रचना लिहिणाऱ्याला वेगळा पेच पडेल. इंग्रजीतले ‘मी’ लिंग सांगत नाही, मराठीतले क्रियापद लगेच सांगते. ‘मी गातो’ म्हटले की पुरुष, ‘मी गाते’ म्हटले की बाई, आणि मिश्र कोरसमध्ये निम्मे जण गप्प. ‘मी आहे’ तेवढे सगळ्यांना चालते, ‘मला हवे’ चालते, ‘माझे नाव’ चालते. भूतकाळात ‘मी थकलो’ टाळून ‘मला थकवा आला’ म्हणावे लागते, आणि कवितेचा जोर तिथे ढासळतो. शिवाय ‘मी हार्वी मिल्क आहे’मध्ये शेवटची मात्रा ‘हे’कडे जाते, नावाकडे नाही. त्यावर उपाय भाषेतच आहे. ओळख सांगताना मराठी माणूस ‘आहे’ म्हणतच नाही. ‘मी हार्वी मिल्क’ एवढेच ठेवायचे आणि पाचव्या मात्रेवर ‘क’.